नलूबाईनं गाडी पाहिली

बोरी अरबची नलूबाई आठ वर्षं माहेरी गेली नव्हती. भावाशी भांडण मात्र मुळीच नव्हतं. तिचा थोरला भाऊ रामराव उमरखेडला राहतो. त्याचे दोन्ही गुडघे गेलेले, अंगणातून फाटकापर्यंत यायचं तर काठी लागते आणि सूनही लागते. तो येऊ शकत नव्हता आणि ही जात नव्हती. रोज संध्याकाळी दोघं फोनवर बोलायचे. तू काय खाल्लं, तू का नाही खाल्लं, एवढ्यावरून वाद घालायचे. फोन ठेवला की नलूबाई पदरानं फोन पुसायची. डोळे पुसताना तिला मी कधी पाहिलं नाही.

ती का जात नाही हे गावातल्या सगळ्या बायांना ठाऊक होतं, पुरुषांपैकी एकालाही नव्हतं. मला तिनं सांगितलं ते मी म्हातारा झालो म्हणून, आणि तरुणपणी मी लुगडं नेसून स्त्री-भूमिका केल्या म्हणून. "नाना, तुमी त अर्धे बाईच होते. तुमाले सांगाले कायची लाज?"

नलूबाईला शुगर आहे. तासा-दीड तासानं तिला उठावंच लागतं. आठ वर्षांपूर्वी काळी-पिवळी जीपमधून ती माहेराहून परत येत होती. मध्येच तिनं जीप थांबवायला लावली. रस्त्याला आडोसा नाही, दोन्ही बाजूंना कापसाच्या पऱ्हाट्या उपटून मोकळी झालेली वावरं. ड्रायव्हर उगाच खाकरला, मागच्या बाकावर कोणीतरी हसलं, आणि उरलेले सगळे पुरुष दुसरीकडे पाहू लागले. "असे मान मोडून दुसरीकडं पाहून राह्यलते नाना, का त्याच्यापेक्षा पाह्यलं असतं त परवडलं असतं!" घरी आल्यावर तिनं बाहेरची चांगली चप्पल धुतली, कागदात गुंडाळली आणि पेटीत टाकली. लग्नं, बारशी, बाजार, दवाखाना, सगळं बंद. वावर आणि घर, घर आणि वावर.

आता ही बाई म्हणजे काही लाजरी-बुजरी नव्हे. कापसाच्या वेचणीला बायांची टोळी घेऊन जायची तर ती नलूबाईनंच. कोणाच्या ओटीत ओला कापूस गेला, कोण अर्धं बोंड झाडावर सोडून आली, हे ती वावराच्या धुऱ्यावरून ओरडून सांगायची. टोळीतल्या बाईची मजुरी कोणी अडवली तर त्याच्या दारात जाऊन बसायची. नवरा उकंडा आयुष्यभर ट्रकवर. आधी आमच्या नाटक कंपनीच्या, मग कापसाच्या जिनिंगच्या. घरी महिन्यातून चार दिवस. दोन पोरं, सासू, सहा एकर वावर आणि एक मारका बैल तिनं एकटीनं सांभाळला. अशा बाईला एका खाकरण्यानं घरात बसवलं, याचा मला फार राग यायचा.

उकंडाची आणि माझी ओळख कंपनीतली. आमचे पडदे, कमानी, सिंहासन, राजवाडा, सगळं त्याच्या ट्रकमध्ये असायचं. जंगलाचा पडदा अंथरून आणि राजवाड्याचा पांघरून तो झोपायचा. पुढे मी राजांच्या भूमिका करू लागलो तेव्हापासून तो मला 'राजे' म्हणतो. मी यवतमाळला दोन खोल्यांत राहतो, स्वतः भाजी आणतो, तरीही 'राजे'च.

गेल्या वर्षी रस्ता रुंद झाला, त्यात उकंडाच्या वावराची एक पट्टी गेली आणि हातात बरे पैसे आले. पुण्याच्या पोरानं सांगितलं, बँकेत टाका. उकंडानं ते टाकले नाहीत. एक दिवस माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"राजे, एक गाडी पाहाले जाचं आहे. तिच्यात संडास आहे."

त्याला कारण कळलं होतं तर! कसं कळलं ते मी विचारलं नाही. आठ वर्षं लागली, पण कळलं.

गाडी सुरभीची होती. तिशीतली चटपटीत पोरगी, यवतमाळला आर्णी रोडवर तिचं ऑफिस. टिपेश्वरला वाघ पाहायला येणाऱ्यांसाठी तिनं एक ट्रॅव्हलर गाडी आतून बांधून घेतली होती. दोन पलंग, गॅसची शेगडी, भांडी घासायचं बेसिन, लहानसा फ्रीज आणि मागच्या अंगाला दार असलेली संडास-न्हाणी. छतावर पाण्याची टाकी, खाली घाणीची. आता तिला याहून मोठी गाडी घ्यायची होती म्हणून ही विकायला काढलेली. ती तिला मोटारहोम म्हणायची. उकंडानं पहिल्या पाच मिनिटांतच घरगाडी म्हणायला सुरुवात केली.

"काका, चला, एक राउंड मारून येऊ," सुरभी म्हणाली. "बायपासपर्यंत जाऊ, वापस येऊ. मख्खनसारखी चालते."

"बायपासवर कोणतीबी गाडी मख्खनच चालते, बाई," उकंडा म्हणाला. "आमी बैल घेतो तवा बाजारात फिरवून नाही घेत. बोलीवर घरी नेतो. आपल्या बंडीले जुंपतो, बंडी भरतो, आन नाल्यातून काढतो. बसला त वापस."

"पण काका, हा बैल नाही ना!"

"मंग बैलाहून महाग काहून?"

सुरभी खळखळून हसली आणि तिथंच हरली. एक दिवस गाडी बोलीवर द्यायची, डिझेल उकंडाचं, सोबत सुरभी येणार, असं ठरलं. कुठं जायचं ते उकंडानं सांगितलं नाही. फक्त म्हणाला, "नाला लांब आहे."

ठरल्या दिवशी मी आणि सुरभी सकाळीच गाडी घेऊन बोरी अरबला पोचलो. बघतो तो उकंडा तुरीची पोती पाठीवर घेऊन उभा. आम्ही उतरायच्या आत त्यानं एक पोतं आत टाकलंसुद्धा.

"काका! बेडवर पोती?"

"रिकामी बंडी त शेळीबी ओढते," तो म्हणाला आणि दुसरं पोतं घेऊन आला. बघता बघता दोन्ही पलंगांवर आणि मधल्या जागेत तूर झाली. संडासाच्या दारापर्यंत फक्त एक चिंचोळी वाट उरली.

तोवर अर्धं गाव गोळा झालं होतं. नलूबाई बाहेर आली. अंगावर इस्त्रीचं लुगडं, पायात ती कागदातली चप्पल. शेजारची शकुबाई कमरेवर हात ठेवून मोठ्यानं म्हणाली, "काय व नलू, संडासात बसून माहेरी चालली काय?"

गल्ली हसली. वाटलं, ही आता मागे फिरते.

"हो," नलूबाई म्हणाली. "तू ये मांगून. पायी."

पायरी चढून ती आत आली. पोत्यांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि आम्हा तिघांना बजावलं, "मी पाहाले येऊन राह्यली, घ्याले नाही. दादाले म्या काही सांगितलं नाही. जमलं त त्याच्या दारात उतरीन. नाही जमलं त अर्ध्यातून वापस, आन मंग पुन्हा कोणी मले उमरखेडचं नाव काढाचं नाही. जे काय ते फोनवरच."

उकंडानं किल्ली फिरवली. हात नेहमीसारखे स्टिअरिंगवर होते, पण मानेवरची शीर ताठ झाली होती. ट्रकवर त्यानं घाट, पूर, दरोडेखोर सगळं पाहिलं होतं. बायकोला घेऊन इतका लांब तो पहिल्यांदाच निघाला होता.

दारव्हा मागे पडलं आणि नलूबाई उठली. पोत्यांच्या मधून वाट काढत मागे गेली. दार लागलं. झालं! उकंडानं गाडी हळू केली. सुरभीनं गाणं बंद केलं. मी खिडकीबाहेर एका बाभळीकडे असा टक लावून पाहू लागलो, जशी ती बाभूळ मी जन्मात पाहिली नव्हती. श्वासही आम्ही बेतानं घेत होतो.

दार उघडलं आणि नलूबाई तोफेसारखी कडाडली.

"गप काहून बसले तुमी? कोणी मेलं काय? बोला ना! तुमी गप बसले का मले आयकू येते, का हे गप बसले म्हून!"

उकंडा ओशाळला. "आमाले वाटलं..."

"तुमाले वाटू नका देऊ. गाडी चालवा. हे पोट्टी गाणं आयकत होती, तिले आयकू द्या. नाना, तुमी बोलत राहा. जलमभर तेच केलं ना तुमी?"

पुढच्या वेळी ती उठली तेव्हा आम्ही तिघंही एकदम बोलू लागलो. उकंडा खड्ड्यांना शिव्या देऊ लागला, सुरभी गाऊ लागली, मी एका जुन्या प्रवेशातलं भाषण सुरू केलं. हेही नाटकच होतं आणि वाईट होतं. पण दिग्रसच्या पुढे आम्ही खरोखरच कशावरून तरी वाद घालत होतो, आंबाडीची भाजी तुरीच्या वरणासोबत खावी की ज्वारीच्या कण्यांसोबत. वाद ऐन रंगात आला तेव्हा मागून आवाज आला, "कण्यांसोबत!" ती कधी उठली, कधी आत जाऊन आली, आम्हाला कळलंच नव्हतं. ती पोत्यावर बसली आणि तिनं पाय लांब केले. तेवढ्यात उकंडानं आरशातून तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या मानेवरची शीर खाली बसलेली मी पाहिली.

पुसदला झाडाखाली गाडी लावून तिनं शेगडीवर चहा केला. साखर स्वतःच्या कपात नाही, आमच्या कपांत दुप्पट. "शेगडी बरी आहे," एवढंच बोलली. सुरभीचा चेहरा फुलला. पण पुढे डोंगर होता.

पुसद सोडलं की उमरखेडच्या वाटेवर चढण लागते. मार्चचं ऊन, दोन्ही बाजूंना पळस पेटलेले, आणि पोटात तुरीचं ओझं घेतलेली घरगाडी. अर्ध्या चढणीवर तापमानाचा काटा लाल खुणेला टेकला. उकंडानं गाडी कडेला घेतली.

"बसला बैल," नलूबाई म्हणाली.

"बसला नाही. दम घेऊन राह्यला," उकंडा म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. "थंडा झाला का वरच्या टाकीतलं पानी टाकतो. निघतो."

तेव्हा आमचं लक्ष पुढे गेलं. वळणावर एक वऱ्हाडाची बस उभी होती. तिचं मागचं चाक जागेवरून सरकलेलं. पुरुष मंडळी सावलीत पत्ते खेळत बसली होती, नवरदेव मुंडावळ्या वर करून बीडी ओढत होता. आणि बाया? बाया बसला टेकून एका ओळीत उभ्या होत्या. जरीची लुगडी, अंबाड्यात गजरे, आणि सगळ्यांचे ओठ घट्ट मिटलेले. एका बाजूला सरळ कडा, दुसऱ्या बाजूला उघडी दरी, आणि रस्त्यावर तीस-चाळीस पुरुष.

नलूबाई खाली उतरली. सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या बाईजवळ गेली. ती नवरदेवाची आई होती, सुखीबाई.

"किती येळ झाला, बाई?"

"दोन तास झाले. दुसरी बस पुसदहून येऊन राह्यली म्हणतात."

"बसचं नाही विचारून राह्यली मी," नलूबाई हळूच म्हणाली.

सुखीबाईनं तिच्याकडे पाहिलं. एवढ्या जरीकाठात नटलेल्या त्या बाईच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. "सकाळपासून, व माय," ती म्हणाली.

नलूबाई वळली. वेचणीच्या टोळीला हाक मारायची तो आवाज तिनं काढला.

"चला व बायाहो! माह्या गाडीत जागा आहे. म्हाताऱ्या आंधी, पोरीवाल्या मंग!"

'माह्या गाडीत.' सुरभीनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं. उकंडानं ऐकलं नाही. तो बॉनेट उघडून उभा होता.

ऐकल्यावर तो धावतच आला. "नलू, टाकीतलं पानी इंजनले लागते! ह्या बायांनी सपवलं त आपुन इथंच!"

"आंधी बाया."

"काकू," सुरभी घाबरून म्हणाली, "खालची टाकी पण भरून जाईल. एवढ्या लोकांसाठी नाही ती."

"भरू दे ना मंग! टाकी कायले असते? हे म्हणतात रिकामी बंडी पाहून बैल घेऊ नये. मी रिकामी टाकी पाहून गाडी घेऊ काय?"

कायदा उकंडाच्याच तोंडचा होता. त्यानं एक पोतं बाहेर ओढलं आणि दाराशी पायरीसारखं ठेवलं, कारण म्हाताऱ्यांना ती पायरी उंच पडत होती.

एकच अडचण उरली. पत्ते थांबले होते. सगळे पुरुष इकडे पाहू लागले होते, आणि बाया जागच्या हलेनात. नलूबाईनं माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. दिग्दर्शकानं असं पाहिलं की नट विचारत नाही, शिरतो.

मी बसच्या पलीकडच्या बाजूला गेलो, एका दगडावर चढलो आणि खांद्यावरचं उपरणं झटकलं. "सरदारहो!" मी गरजलो. "शत्रू पाठीमागे आहे असं समजून जो मागे वळून पाहील, त्याची मान आजपासून वाकडी!" पुरुष चकित होऊन माझ्याकडे वळले. पंधरा वर्षांत आवाज असा लागला नव्हता. डोंगरानं तो परत पाठवला आणि माझा मलाच ऐकू आला. मग मी थांबलोच नाही. राजा केला, त्याचा कपटी प्रधान केला, लुगड्याशिवाय राणीही केली. नवरदेवाला सेनापती बनवून कंबरेची कट्यार उपसायला लावली. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. तीस-चाळीस पुरुषांच्या पाठी गाडीकडे होत्या, आणि ते दुसरीकडे पाहण्याचं नाटक करत नव्हते. ते खरोखर दुसरीकडे पाहत होते.

त्यांच्या डोक्यांवरून मला गाडी दिसत होती. दाराशी नलूबाई उभी. एकेकीला हात देऊन वर चढवत होती, उतरवत होती. जाताना ओठ मिटलेल्या बाया बाहेर येताना बोलत येत होत्या, मग हसत येऊ लागल्या, मग दाराशी त्यांची गर्दी झाली आणि कोणीतरी लग्नाचं गाणंच सुरू केलं. शेवटी सुखीबाईनं नलूबाईच्या गळ्यात हात टाकला आणि स्वतःच्या अंबाड्यातला गजरा काढून तिच्या केसांत खोवला.

पाण्याचा शेवटचा थेंब संपला होता. सुखीबाई तरातरा आमच्या नाट्यगृहात शिरली आणि नवऱ्यावर ओरडली, "तमाशा पाहून झाला असंल त त्या दादाच्या इंजनले पानी आना! खाली तांड्यावर हापशी आहे!" कंपनीत असताना प्रेक्षकांना तिकीट काढायला लावणं कठीण जायचं. इथं सगळा प्रेक्षकवर्ग कळशा, बाटल्या, लग्नाच्या घागरी घेऊन उतरणीला लागला. इंजिनाला पाणी मिळालं, वरची टाकी निम्मी भरली, पोती जागच्या जागी चढली. नवरदेवानं स्वतः गाडीला धक्का दिला. धक्क्याची गरज नव्हती, पण त्याची हौस होती.

उरलेला चढ गाडीनं एका दमात चढला. उकंडा शीळ वाजवत होता. सुरभी मागे बसून नलूबाईला विचारत होती, "काकू, तुम्ही त्यांना सगळ्यांना नंबर का दिला माझा?"

"तुह्या मोठ्या गाडीले गिऱ्हाईक नको काय?"

उमरखेडला दुपार कलायला लागली होती. रामरावांच्या फाटकाशी एवढी मोठी गाडी थांबलेली पाहून सून रूपाली बाहेर आली आणि तशीच आत पळाली. मग काठीचा आवाज. रामराव अंगणातून फाटकापर्यंत आले. सून मागून धावत होती, पण हात धरायला तिला सापडलेच नाहीत.

नलूबाई पायरीवर उभी होती. खाली उतरली नाही.

"दादा, ओळखलं काय?"

"आवाजावरून," म्हातारा म्हणाला. "फोनवर रोज आयकतो ना. पन जाड झाली तू."

"आन तू वाकला."

इतकंच. मग ती उतरली आणि दोघं फाटकाला धरून उभे राहिले. आम्ही तिघंही आपापल्या परीनं गाडीची चाकं तपासू लागलो.

जेवणं झाली. ऊन उतरलं तसा उकंडा किल्ली घेऊन उठला. घाट उजेडात उतरायचा होता, आणि बोलीचा दिवस संपत आला होता. नलूबाई भावाशेजारी बाजेवर बसून शेंगा फोडत होती. दाणे त्याच्या हातावर, टरफलं स्वतःच्या ओटीत.

"चाल नलू. उशीर होते."

"तुमी जा," तिनं मान वर न करता सांगितलं.

"आन तू?"

"मी राह्यते. आठ वर्साचं राहणं बाकी आहे."

"मंग वापस कशी येशील?"

"कशी म्हंजे? माहेरी गेलेल्या बायकोले न्याले नवरा येते," नलूबाई म्हणाली आणि आता तिनं मान वर केली. "हेच गाडी घेऊन या. सुरभी, तू म्हणशील तो भाव. हे घासाघीस करतीन, आयकू नको. फक्त खालची टाकी धुवून दे."

"अव, भाव त करू दे मले!" उकंडा कळवळला. "बैल पसंत आहे असं मालकाच्या तोंडावर सांगते काय कोणी?"

पण त्याला हसू आवरत नव्हतं. सुरभीनं टाळी वाजवली, मीही वाजवली, रूपालीनं पदर तोंडाला लावला. रामरावांनी हातावरचे दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले आणि उकंडाकडे पाहून म्हणाले, "जवाईबापू, गाडी चांगली तपासून घ्या. घाई करू नका. महिना-दोन महिने लागले तरी चालतीन."